मुक्कामाची तारीख

सोयाबीन विकून झाले, तुरीला अजून अवकाश आहे, अशा दिवसांत वाशीम जिल्ह्यातल्या कृषी सेवा केंद्रांवर एक विषय हमखास निघतो : यंदा कंपनीची टूर कुठे? बियाणे, खते आणि कीटकनाशके विकणाऱ्या कंपन्या ठरलेला माल उचलल्याबद्दल दुकानदारांना परदेशी सहल देतात, ही विदर्भात आता जुनी रीत झाली आहे. रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा या तालुक्यांतले कितीतरी दुकानदार आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले ते अशा टूरमुळेच, आणि बहुतेकांचा पहिला परदेश म्हणजे थायलंड. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा. इथे विमानतळ नाही, पासपोर्टसाठी तो नागपूरच्या प्रादेशिक कार्यालयाच्या कक्षेत येतो. तरी समृद्धी महामार्ग कारंजा आणि मालेगावच्या बाजूने गेल्यापासून नागपूर आणि मुंबई दोन्ही दिशांचे विमानतळ पूर्वीपेक्षा जवळ आले आहेत.

परदेशी जाणारे केवळ दुकानदार नाहीत. मंगरुळपीर, कारंजा, रिसोड या गावांतून सौदी अरेबियात उमरा यात्रेसाठी जथे निघतात. पुण्याला शिकून पुढे अमेरिकेत नोकरीला लागलेल्या मुलांकडे त्यांचे आईवडील बाळंतपणासाठी, नातवंडांसाठी जातात. पशुपतिनाथ आणि मुक्तिनाथाच्या यात्रेला बसगाड्या भरून माणसे नेपाळला जातात. हे सगळे लोक वेगवेगळ्या नियमांखाली दुसऱ्या देशात पाऊल ठेवतात, आणि गेल्या काही वर्षांत हे नियम फार वेगाने बदलले आहेत. घरून निघताना एक नियम, परतताना दुसरा, असे झाले तर आधीच तिकडे असलेल्या माणसाचे काय होते? या प्रकरणाचा विषय एवढाच आहे, पण त्यात भल्याभल्यांचा गोंधळ होतो.

आधी थायलंडचाच हिशेब पाहू. २०२३ च्या नोव्हेंबरपर्यंत भारतीय पर्यटकाला बँकॉकच्या विमानतळावर रांगेत उभे राहून २,००० बाट भरावे लागत आणि १५ दिवसांचा व्हिसा मिळे. १० नोव्हेंबर २०२३ पासून थायलंडने भारतीयांना व्हिसाशिवाय ३० दिवस राहू देण्याची सवलत सुरू केली. ती सुरुवातीला सहा महिन्यांसाठी, १० मे २०२४ पर्यंत होती; नंतर ११ नोव्हेंबर २०२४ पर्यंत वाढवली गेली. ही वाढीव मुदत संपण्याआधीच, १५ जुलै २०२४ पासून, भारतासह ९३ देशांच्या नागरिकांना ६० दिवस राहण्याची मुभा मिळाली. म्हणजे सुमारे आठ महिन्यांत एकाच पासपोर्टवरचा मुक्काम १५ दिवसांवरून ३० आणि ३० वरून ६० दिवसांवर गेला. त्या वर्षी २० लाखांहून अधिक भारतीय थायलंडला जाऊन आले. पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, ६० दिवस पुन्हा ३० वर आणावेत अशी चर्चा थायलंडच्या सरकारात सुरू झाली. इतक्या लांब मुक्कामाचा फायदा घेऊन काही परदेशी लोक परवान्याशिवाय धंदे करतात, अशी तिथल्या यंत्रणेची तक्रार होती. सवलत देणाऱ्या देशाला ती परत घेण्याचा पूर्ण अधिकार असतो, त्यासाठी तो कोणाशी करारबद्ध नसतो.

आता १४ जुलै २०२४ रोजी फुकेतला उतरलेला एक प्रवासी डोळ्यांपुढे आणा. त्याच्या पासपोर्टवर ३० दिवसांचा शिक्का पडला. दुसऱ्या दिवशी उतरलेल्या त्याच्या शेजाऱ्याला ६० दिवस मिळाले. पहिल्याचे ३० आपोआप ६० होत नाहीत. त्याला जास्त राहायचे असेल तर तिथल्या इमिग्रेशन कार्यालयात जाऊन, अर्ज आणि फोटो देऊन, १,९०० बाट भरून मुदत वाढवून घ्यावी लागते. दोघेही भारतीय, दोघेही एकाच हॉटेलात, एकाच मोबाइलवर एकच बातमी वाचलेली, तरी दोघांच्या मुक्कामाची शेवटची तारीख वेगळी. अशा वेळी बातमीवर विश्वास ठेवून पहिला प्रवासी निर्धास्त राहिला, तर महिनाभरानंतर तो बेकायदा राहणारा ठरतो, आणि त्याला ते विमानतळावरून परत निघतानाच कळते.

यामागचा नियम जगभर साधारण सारखा आहे. प्रवाशाला राहण्याची परवानगी मिळते ती सीमेवरच्या अधिकाऱ्याकडून, आणि ती त्या दिवशी लागू असलेल्या नियमानुसार ठरते. नंतर निघालेला आदेश पुढे येणाऱ्यांसाठी असतो. आत असलेल्यांची मुदत तो वाढवत नाही आणि सहसा कमीही करत नाही. आपल्याकडे १ जुलै २०२५ ला रेल्वेचे भाडे वाढले तेव्हा आधी काढलेल्या तिकिटांना ती वाढ लागली नाही, तसेच हे. मलेशियाचे उदाहरण याच तत्त्वावर चालते. तिथे १ डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना ३० दिवस व्हिसाशिवाय राहता येते. ही सवलत आधी २०२४ च्या अखेरपर्यंत होती, मग ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवली गेली. डिसेंबरच्या २० तारखेला शिरलेल्या माणसाचा महिना पुढच्या वर्षात जातो. अशा वेळी सवलतीची मुदत प्रवेशाच्या दिवसाला लागू आहे की मुक्कामाच्या शेवटच्या दिवसाला, हा प्रश्न विचारायचा असतो. बहुतेक ठिकाणी उत्तर प्रवेशाच्या बाजूने असते, पण ते निघण्याआधी त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर वाचून घेतलेले बरे.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. चार रात्री आणि पाच दिवसांच्या डीलर टूरला ३० दिवस काय आणि ६० काय, फरक पडत नाही. त्या प्रवाशाला फरक पडतो तो प्रवेशाच्या दारात : पैसे किती, रांग केवढी, कोणता फॉर्म. १ मे २०२५ पासून थायलंडला जाण्याआधी डिजिटल अरायव्हल कार्ड भरावे लागते. मलेशियात तसेच कार्ड जानेवारी २०२४ पासून आहे. हे कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे, त्याने मुक्काम वाढत नाही. मुदतीच्या बदलाचा खरा तडाखा बसतो तो लांब राहणाऱ्यांना, आजारी पडून दवाखान्यात अडकलेल्यांना, आणि एका देशातून दुसऱ्यात जाऊन परत पहिल्या देशात येणाऱ्यांना. बँकॉकहून कंबोडियातले अंगकोर पाहून पुन्हा बँकॉकला येणारा माणूस परत येताना कायद्याच्या दृष्टीने नवा प्रवासी असतो. मधल्या दिवसांत नियम बदलला असेल तर त्याला दुसऱ्यांदा नवा नियम लागतो, पहिला शिक्का तिथे कामाचा नसतो. परतीचे विमान त्या देशातून असेल तर ही बाब फार महत्त्वाची ठरते.

इराणच्या बाबतीत हे फार कमी दिवसांच्या सूचनेवर घडले. ४ फेब्रुवारी २०२४ पासून साध्या पासपोर्टवरच्या भारतीय पर्यटकांना इराणने व्हिसाशिवाय प्रवेश दिला होता. अटी स्पष्ट होत्या : विमानानेच यायचे, सहा महिन्यांत एकदाच, जास्तीत जास्त १५ दिवस, आणि ते १५ दिवस वाढवून मिळणार नाहीत. या सवलतीचा आधार घेऊन काही दलालांनी नोकरीचे किंवा तिसऱ्या देशात पोचवण्याचे आमिष दाखवून भारतीय तरुणांना इराणला नेले, आणि तिथे त्यांचे खंडणीसाठी अपहरण झाले. अशा घटनांनंतर इराणने २२ नोव्हेंबर २०२५ पासून सवलत थांबवली. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने ही माहिती १७ नोव्हेंबरला दिली, म्हणजे मधे जेमतेम पाच दिवस. नव्या नियमात इराणमध्ये शिरण्यासाठीच नव्हे, तर तिथे विमान बदलून पुढे जाण्यासाठीही व्हिसा लागू झाला. तेहरानमार्गे स्वस्त तिकीट काढून आधीच तिसऱ्या देशात गेलेल्या आणि त्याच मार्गाने परतणाऱ्या माणसासाठी हे पाच दिवस किती अपुरे होते, ते सांगायला नको. त्याने इराणमध्ये मुक्काम केलेला नसतो, त्याच्याकडे तिथला शिक्का नसतो, म्हणून जुन्या नियमाचे संरक्षणही त्याला मिळत नाही. सवलत गेली की सर्वांत आधी असा वाटेवरचा प्रवासी अडचणीत येतो.

सर्बियानेही असेच केले. सप्टेंबर २०१७ पासून भारतीयांना तिथे ३० दिवस व्हिसाशिवाय राहता येई. १ जानेवारी २०२३ पासून ती सोय बंद झाली. सर्बियातून पुढे युरोपीय संघात बेकायदा शिरणाऱ्यांची संख्या वाढली म्हणून संघाने सर्बियावर दबाव आणला होता. सवलतीचा गैरवापर करणारे थोडे असतात, पण ती गमावणारे सगळे असतात.

दोन वेगळ्या तारखांची गल्लत हा या विषयातला सर्वांत मोठा सापळा आहे. एक तारीख सांगते की तुम्ही कधीपर्यंत आत शिरू शकता. दुसरी सांगते की शिरल्यावर कधीपर्यंत राहू शकता. उमऱ्याच्या व्हिसात हा फरक चांगला दिसतो. मुक्काम प्रवेशापासून तीन महिन्यांपर्यंत असतो, हे जाणाऱ्यांना माहीत असते. पण २०२५ च्या हज हंगामाआधी सौदी सरकारने ठरवले की उमऱ्याच्या व्हिसावर १३ एप्रिलनंतर कोणी आत येणार नाही आणि आलेल्या प्रत्येकाने २९ एप्रिलपर्यंत देश सोडायचा. मार्चच्या मध्यात गेलेल्या माणसाने बोटांवर तीन महिने मोजले तर जून येतो. प्रत्यक्षात त्याचा मुक्काम एप्रिलमध्येच संपत होता. नियम मोडणाऱ्या परदेशी व्यक्तीला ५०,००० रियालपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद आणि हद्दपारी, तर मुदत उलटलेल्यांची माहिती दडवणाऱ्या कंपन्यांना १,००,००० रियालपर्यंत दंड जाहीर झाला होता. पहिल्यांदाच गाव सोडलेल्या वयस्कर यात्रेकरूंना हा हिशेब त्यांच्या एजंटाने नीट सांगितला नाही, तर तो सांगणार कोण? म्हणून उमऱ्याच्या जथ्यात परतीचे तिकीट कोणत्या तारखेचे आहे ते व्हिसाच्या कागदाशी नव्हे, त्या वर्षीच्या हजच्या वेळापत्रकाशी ताडून पाहायला हवे.

मोजणीची पद्धतही देशागणिक वेगळी असते. थायलंडमध्ये उतरण्याचा दिवस पहिला दिवस धरला जातो, मग विमान रात्री पावणेबाराला टेकले तरी. युरोपातल्या शेंगेन देशांत येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस मोजतात, आणि कोणत्याही १८० दिवसांत एकूण ९० हा हिशेब असतो. तिथे १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्यांच्या जागी संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली. हाँगकाँगमध्ये तर २०१३ पासूनच शिक्का नाही, एक छोटी चिठ्ठी हातात देतात. भारतीयांना तिथे १४ दिवस व्हिसाशिवाय राहता येते, पण जानेवारी २०१७ पासून जाण्याआधी ऑनलाइन नोंदणी सक्तीची आहे. शिक्का दिसेनासा होत चालल्यामुळे आपली शेवटची तारीख कुठे लिहिली आहे, हेच पुष्कळांना माहीत नसते.

आतापर्यंत सांगितले ते शांत काळातले. संकटकाळात हेच नियम आतल्या माणसापर्यंत पोचतात, आणि ते कसे पोचतात हे २०२० च्या कोरोना साथीने दाखवून दिले. त्या मार्चमध्ये भारताने आधी परदेशी लोकांचे व्हिसे स्थगित केले, १७ मार्चला मलेशिया, फिलिपिन्स आणि अफगाणिस्तानातून येणाऱ्या प्रवाशांवर बंदी घातली, आणि २२ मार्चपासून आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानेच थांबवली. क्वालालंपूरच्या विमानतळावर घरी निघालेले भारतीय विद्यार्थी अडकून पडले. नियमित विमाने पूर्ववत व्हायला २७ मार्च २०२२ उजाडले. मधल्या काळात जे जिथे होते ते तिथे राहिले, आणि त्यांच्या मुक्कामाची मुदत मात्र दिवसागणिक संपत होती.

संयुक्त अरब अमिरातीचा प्रसंग या संदर्भात मुद्दाम अभ्यासण्यासारखा आहे. दुबई आणि अबुधाबीत त्या वेळी नोकरी शोधायला, मुलांना भेटायला किंवा फिरायला म्हणून गेलेले भारतीय मोठ्या संख्येने होते. एप्रिल २०२० मध्ये तिथल्या सरकारने जाहीर केले की १ मार्चनंतर संपलेले सगळे व्हिसे, पर्यटकांचेसुद्धा, त्या वर्षाच्या अखेरपर्यंत वैध मानले जातील. अडकलेल्यांनी सुटकेचा श्वास सोडला. भारतात परत आणणारी वंदे भारत मोहिमेची विमाने ७ मे रोजी अबुधाबी आणि दुबईहून केरळला निघाली, पण जागा मोजक्या, अर्ज अमाप. पुष्कळांनी विचार केला की डिसेंबरपर्यंत वेळ आहे, आधी गरोदर बायका आणि आजारी माणसे जाऊ द्यावीत. आणि १० जुलैला मंत्रिमंडळाने तो निर्णय मागे घेतला. पर्यटकांना देश सोडायला एक महिना दिला गेला. पुढे आणखी एक महिना वाढवून मिळाला. डिसेंबरवर विसंबलेल्या माणसाला जुलैत नव्याने धावाधाव करावी लागली. त्याने काहीही चुकीचे केले नव्हते, सरकारने दिलेल्या शब्दावर विश्वास ठेवला होता. मुदतवाढीची घोषणा हीसुद्धा एक सवलतच असते आणि तीही परत घेतली जाऊ शकते, हा या प्रसंगाचा धडा आहे. माझ्या मते यात दोष देशाच्या अधिकाराचा नाही, सूचनेच्या तुटपुंज्या मुदतीचा आहे. विमाने पुरेशी नसताना एक महिना देणे म्हणजे दिल्यासारखे करणे होय.

त्याच काळात थायलंडने अडकलेल्या पर्यटकांना स्वतःहून मुदत वाढवून दिली, ३१ जुलैपर्यंत आणि मग २६ सप्टेंबर २०२० पर्यंत, कोणालाही कार्यालयात रांग लावायला न लावता. भारतानेही आपल्याकडे अडकलेल्या परदेशी लोकांचे व्हिसे शुल्काशिवाय वाढवले. ती मुदत सरकत सरकत ३० सप्टेंबर २०२१ पर्यंत गेली, आणि तोवर जास्तीच्या मुक्कामाचा दंड आकारला गेला नाही. हे दोन्ही देश या बाबतीत माणुसकीने वागले, असे म्हणायला हरकत नाही.

पण कायदा कोणाच्या बाजूचा आहे, याविषयी भ्रम नको. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये हान्स म्युलर खटल्यात सांगितले की परदेशी व्यक्तीला देशाबाहेर काढण्याचा केंद्र सरकारचा अधिकार निरंकुश आहे. १९९१ च्या लुई द रेट खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केले की परदेशी नागरिकाला जीविताचे आणि व्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे, पण भारतात वास्तव्य करण्याचा मूलभूत हक्क त्याला नाही. पहलगामच्या हल्ल्यानंतर सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसे २७ एप्रिल २०२५ पासून रद्द केले, वैद्यकीय व्हिसांना २९ एप्रिलपर्यंत मुदत दिली, आणि सार्क व्हिसा-सवलत योजनेखाली आलेल्यांना ४८ तासांत जायला सांगितले. हिंदू पाकिस्तानी नागरिकांना आधी दिलेले दीर्घ मुदतीचे व्हिसे मात्र कायम राहिले. वैध शिक्का असलेला माणूसही चार-पाच दिवसांत बाहेर जाऊ शकतो, याचे हे आपल्या घरचे उदाहरण आहे. जो अधिकार आपले सरकार वापरते तोच थायलंडचे, इराणचे, अमिरातीचे सरकारही वापरू शकते. परदेशात आपण पाहुणे असतो, तिथले रहिवासी नसतो.

जिल्ह्यात येणाऱ्या पाहुण्यांनाही हेच लागू आहे. मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला, कारंज्याला नृसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानी, नातलगांच्या लग्नाला अमेरिकन किंवा ब्रिटिश पासपोर्ट असलेले आप्त येतात. त्यांच्याकडे पाच वर्षांचा ई-पर्यटक व्हिसा असला तरी एका खेपेत राहायचे दिवस मर्यादित असतात : बहुतेक देशांच्या नागरिकांना सलग ९०, तर अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि जपानच्या नागरिकांना १८०. कोरोनाच्या काळात स्थगित झालेले पाच वर्षांचे असे व्हिसे १६ मार्च २०२२ रोजी पुन्हा चालू झाले. परदेशी पाहुणा उतरला तर हॉटेल किंवा धर्मशाळा चालवणाऱ्याने २४ तासांत त्याची नोंद कळवायची असते. १ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन आणि परदेशी नागरिकांसंबंधीचा नवा कायदा लागू झाला, आणि १९४६ चा जुना परदेशी नागरिक कायदा रद्द झाला. यजमानांनी हे माहीत करून घ्यायला हवे, कारण त्रास पाहुण्याला होतो तसा त्यांनाही होतो.

मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या आईवडिलांच्या बाबतीत गोंधळ नेमका उलटा होतो. त्यांच्या पासपोर्टवर दहा वर्षांचा व्हिसा असतो, म्हणून त्यांना वाटते की निवांत राहता येईल. विमानतळावरचा अधिकारी मात्र साधारण सहा महिने देतो, आणि ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते. विमानाने येणाऱ्यांसाठी कागदी आय-९४ २०१३ मध्ये बंद झाले, तेव्हापासून ती नोंद संकेतस्थळावर पाहावी लागते. ती तारीख उलटली की व्हिसावर अजून आठ वर्षे शिल्लक असली तरी तो व्हिसा बाद होतो. १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून परत गेल्यास तीन वर्षे, वर्षाहून जास्त राहिल्यास दहा वर्षे प्रवेशबंदी. सुनेच्या बाळंतपणासाठी आलेल्या सासूबाईंचे ऑपरेशन निघाले, डॉक्टरांनी विमानप्रवास नको म्हटले, असे घडतेच. त्यावर उपाय आहे : तारीख संपण्याआधी मुदतवाढीचा अर्ज करणे, सोबत डॉक्टरांचे पत्र देणे. संपल्यावर केलेल्या अर्जाची किंमत फार कमी असते.

थायलंडमध्ये उशीर झाला तर दिवसाला ५०० बाट दंड आहे, जास्तीत जास्त २०,००० बाट. ही रक्कम भरून सुटता येते असे समजून काही जण मुद्दाम राहतात. पण ९० दिवसांहून जास्त राहून स्वतःहून परतणाऱ्याला एक वर्ष प्रवेशबंदी आहे आणि ती मुक्कामाच्या लांबीप्रमाणे दहा वर्षांपर्यंत वाढते. विमानतळावर स्वतः जाऊन दंड भरणे आणि रस्त्यात पोलिसांनी पकडणे यांतही मोठा फरक आहे : पकडले गेल्यास वर्षभराच्या आतल्या जादा मुक्कामालाही पाच वर्षांची बंदी लागते. शिवाय पुढे कोणत्याही देशाच्या व्हिसासाठी अर्ज करताना आधी कधी मुदत उलटली का, हा प्रश्न येतो, आणि त्याचे खरे उत्तर द्यावे लागते.

एकच परदेश असा आहे जिथे वाशीमच्या यात्रेकरूला ही चिंता नाही. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे दोन्ही देशांचे नागरिक एकमेकांकडे ये-जा करू शकतात, राहू शकतात. ८ आणि ९ सप्टेंबर २०२५ रोजी नेपाळमध्ये तरुणांचे आंदोलन पेटले, काठमांडूचे विमानतळ बंद झाले आणि महाराष्ट्रातले पर्यटकही तिथे अडकले. त्यांना भीती होती, गैरसोय होती, पण मुक्काम बेकायदा ठरण्याची टांगती तलवार नव्हती. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण युद्धात हवाई मार्ग बंद झाले तेव्हा इराणमधल्या भारतीय यात्रेकरूंची आणि विद्यार्थ्यांची सुटका सरकारला ऑपरेशन सिंधू राबवून करावी लागली. तिथे व्हिसाशिवाय गेलेल्या माणसाजवळ न वाढणारे १५ दिवसच होते. दोन्हीकडे विमान बंद होते, पण अडकलेल्या माणसाची कायदेशीर स्थिती सारखी नव्हती.

म्हणून टूर काढणाऱ्या बियाणे कंपन्यांना, उमऱ्याचे जथे नेणाऱ्या एजंटांना आणि यात्रा कंपन्यांना माझी एक मागणी आहे. प्रत्येक प्रवाशाच्या हातात निघण्याआधी मराठीतला एक कागद द्या. त्यावर चार गोष्टी असाव्यात : प्रवेशाची शेवटची तारीख, मुक्कामाची शेवटची तारीख, ती तारीख कुठे नोंदली जाते, आणि तिथल्या भारतीय दूतावासाचा दूरध्वनी क्रमांक. उमऱ्याच्या जथ्यात हा कागद उर्दूतही हवा. त्याला एका पानाहून जास्त जागा लागत नाही आणि खर्च जवळजवळ काहीच नाही. आणि प्रवाशांनो, इमिग्रेशनच्या काउंटरवरून पासपोर्ट परत मिळाला की तिथेच उभे राहून शिक्का वाचा. तारीख चुकली असेल, अस्पष्ट असेल किंवा शिक्काच नसेल, तर त्याच अधिकाऱ्याला विचारा. पान मोबाइलमध्ये टिपून घरी पाठवा. नियम बदलल्याची बातमी कानावर आली तर व्हॉट्सॲपवरच्या मजकुरावर विसंबू नका. त्या देशाच्या इमिग्रेशन विभागाकडे किंवा आपल्या दूतावासाकडे चौकशी करा, आणि मुदत वाढवायची असेल तर ती संपण्याच्या आधी अर्ज करा.